सालोमालो म्हणे

मराठी वाङ्मयात ज्याच्या वारसांची संख्या दिवसेंदिवस वाढते आहे, त्या माणसाच्या नावाचा एकही चौक माझ्या पाहण्यात नाही. पुरस्कार नाही, व्याख्यानमाला नाही, पुण्यतिथीला हार नाही. त्याचं नाव सालोमालो. तुकोबांचा समकालीन. तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवले, एवढीच त्याची वाङ्मयसेवा परंपरेने नोंदवून ठेवली आहे. गाथेतही त्याचं नाव येतं. पण ते काही कौतुकाने येत नाही.

पद्धत म्हणाल तर अगदी सोपी. शेवटच्या कडव्यातून ‘तुका म्हणे’ उचलायचं आणि तिथे ‘सालोमालो म्हणे’ बसवायचं. आता मी पडलो बँकेतला कारकून. कुठलाही मजकूर समोर आला की अर्थाच्या आधी बेरीज दिसते. मी अक्षरं मोजली. मोठ्या अभंगाचा चरण सहा अक्षरांचा. ‘तुका म्हणे’ची अक्षरं चार. म्हणजे नाव सांगून झाल्यावर तुकोबांच्या हाती दोन अक्षरं शिल्लक राहतात, आणि त्या दोन अक्षरांतही ते काहीतरी सांगून जातात. ‘सालोमालो म्हणे’ची अक्षरं सहा. शिल्लक शून्य! नावातच चरण संपला, म्हणायचं काय ते राहूनच गेलं. हल्लीची काही पुस्तकं मला याच छंदात लिहिलेली वाटतात. मुखपृष्ठावर नाव, मलपृष्ठावर फोटो, आत परिचय, आणि मजकुराची वेळ आली की जागा संपलेली.

१९३६ साली प्रभातने ‘संत तुकाराम’ काढला तेव्हा दामले-फत्तेलालांनी या सालोमालोला खलनायक केलं. त्यात तो नुसती चोरी करत नाही. ‘माझीच कवनं या तुक्याने चोरली’ अशी बोंबही तोच मारतो. हा तपशील ज्या कुणाला सुचला त्याला माणसांची पारख होती. खिसा मारणारा ‘चोर, चोर’ म्हणून सर्वांत पुढे धावतो हे लोकलने जाणाऱ्या माणसाला सांगायला नको.

पण गंमत पुढेच आहे. ज्याचं चोरलं ते तुकोबा स्वतःच सांगतात की आपण संतांचं उष्टं बोलतो, आपल्या पदरचं यात काही नाही. ज्ञानेश्वर तर १२९० साली, मराठीतल्या सुरुवातीच्या मोठ्या ग्रंथांपैकी एकात, आपण व्यासांच्या पावलांचा माग काढत आणि भाष्यकारांना वाट विचारत निघालो आहोत असं कबूल करून टाकतात. आमच्या भाषेच्या खात्यात सुरुवातीच्याच पानांवर ही ऋणाची नोंद आहे. नऊ हजार ओव्या लिहिणारा माणूस म्हणतो, मी वाट विचारत आलो. आणि नऊ ओळींची चारोळीमाला लिहिणारा म्हणतो, मला कुणाचाही प्रभाव मान्य नाही!

तेव्हा दुसऱ्याचं घेणं हा गुन्हा नव्हे, हे आधी मिटवून टाकू. घेणं हा गुन्हा ठरवला तर आमची बँक उद्या बंद करावी लागेल. कर्ज काढणाऱ्याला आम्ही चोर म्हणत नाही, ‘सन्माननीय ग्राहक’ म्हणतो, चहासुद्धा पाजतो. फक्त सही घेतो. वाङ्मयचौर्य म्हणजे सही न करता, उलट देणाऱ्याचीच सही खोडून उचललेलं कर्ज. बाकी सगळी चर्चा या खोडरबराची आहे.

‘वाङ्मयचौर्य’ हा शब्दही मला जरा सोवळ्यातला वाटतो. ऐकल्यावर चंदनाची पेटी चोरीला गेल्यासारखं वाटतं. इंग्रजीतला ‘प्लेजिअरिझम’ बरा. त्याच्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ माणसं पळवून नेणारा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मार्शल नावाच्या रोमन कवीने तो शब्द आपल्या कविता पळवणाऱ्याला लावला. वस्तू चोरली तर ती मिळेपर्यंत बोंब मारता येते. पण पळवलेलं पोर उद्या भररस्त्यात दुसऱ्या कुणाला ‘बाबा’ म्हणताना दिसलं तर बापाने काय करावं? ज्याचं लिखाण असं दुसऱ्याच्या बोटाला धरून हिंडताना दिसलं असेल, त्याला विचारा. फिडेंटिनस नावाचा एक इसम मार्शलच्या कविता स्वतःच्या म्हणून वाचत असे. मार्शलने अखेर एक सवलत दिली: इतकं वाईट वाचत असशील तर त्या तुझ्याच धर. ही सवलत आमच्या कविसंमेलनांना लागू केली तर बरेच दावे आपसांत मिटतील.

या विषयाचं खरं शास्त्र मात्र आमच्याकडे झालं. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी कनोजच्या प्रतिहारांच्या दरबारी राजशेखर नावाचा पंडित होता. आपल्या पणजोबांना त्याने महाराष्ट्राचा चूडामणी म्हटलं आहे, तेव्हा त्याला आपल्यातला म्हणायला हरकत नसावी. त्याची ‘काव्यमीमांसा’ १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत पहिलं पुस्तक म्हणून छापली गेली. अख्ख्या ग्रंथमालेचा श्रीगणेशा अशा ग्रंथाने झाला, ज्यात दुसऱ्याचं कसं उचलावं यावर चांगली प्रकरणंच्या प्रकरणं आहेत!

राजशेखर चोरीला ‘हरण’ म्हणतो. शब्दांचं हरण पाच प्रकारचं: एक पद, एक चरण, अर्धा श्लोक, सबंध श्लोक आणि सबंध ग्रंथ. ही प्रतवारी वाचताना मला आमच्या मुदत ठेवींचा तक्ता आठवला. अर्थाच्या हरणात तो आणखी बारकाईत शिरतो. अर्थ तोच, फक्त शब्दांची मांडामांड वेगळी, तर ते आरशातलं प्रतिबिंब. थोडे संस्कार करून वेगळं भासवलेलं, तर चित्र. विषय वेगळा पण चेहरेपट्टी सारखी, तर दोन सारखी दिसणारी माणसं. आणि मूळ एकच, पण सगळा संसार नव्याने मांडलेला, तर परपुरप्रवेश. आरशाला राजशेखर चार हात लांब ठेवतो. प्रतिबिंबात जीव नसतो, हे काही त्याच्या एकट्याचं मत नाही. त्याच्या आधी आनंदवर्धनानेही तेच म्हटलं होतं. (राजशेखराने हे आनंदवर्धनाकडून घेतलं का, असं कृपा करून विचारू नका. विषय वाढेल.)

कवी चोर नाही असं नाही आणि व्यापारीही चोर नाही असं नाही, लपवता येतं तो सुखात राहतो, असंही याच ग्रंथात म्हटलेलं आहे. मी बी.कॉम., त्यात बँकेत, त्यात लिहिणारा. एकाच श्लोकात माझ्यावर इतकी कलमं लावायला नको होती.

पण या ग्रंथातला माझा सर्वांत आवडता भाग राजशेखराच्या पत्नीचा आहे. अवंतिसुंदरी ही स्वतः विदुषी, आणि नवऱ्याने आपल्या ग्रंथात तिचं मत तिच्या नावानिशी दिलं आहे. चोरीवरच्या प्रकरणात बायकोच्या मताचं श्रेय बायकोला देणारा हा शास्त्रकार मला नुसता पंडित नव्हे, संसारी माणूस वाटतो. तर ही बाई म्हणते, कवी दुसऱ्याचं का उचलतो? कारणं आहेत. तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध. त्याला कोणी पुसत नाही, मला पुसतात. त्याची वाणी गुळवेलीसारखी कडू, माझी द्राक्षासारखी. त्याच्या भाषेला मान नाही, माझ्या भाषेला आहे. हे जाणणारे आता उरले नाहीत. हा कर्ता दूरदेशी राहतो. ज्या ग्रंथातून घेतलं तो ग्रंथच नाहीसा झाला. आणि हे मुळात म्लेंच्छांच्या लिखाणावर बेतलेलं आहे.

मी पुन्हा सांगतो, ही यादी अकराशे वर्षांपूर्वीची आहे. मात्र यातलं एकेक कारण मी या कानांनी ऐकलं आहे. ‘अहो, तो कोण जिल्ह्याच्या गावचा मास्तर, त्याचा दिवाळी अंक वाचतो कोण?’ हे पहिलं कारण. ‘त्याने लिहिलं होतं हो, पण फार ओबडधोबड, मी जरा सफाई आणली.’ ही गुळवेल आणि हे द्राक्ष. बोलीतल्या माणसाचं आख्खं म्हातारपण ऐकून घ्यायचं, त्याच्या म्हणी, त्याच्या शिव्या टिपून घ्यायच्या आणि प्रमाण भाषेत स्वतःची ‘सर्जनशीलता’ म्हणून छापायच्या, हे चौथं. आणि इंग्रजीतून उचललं तर चोरीच नाही, उलट मायबोलीची सेवा, हे म्लेंच्छ कारण तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बिनव्याजी चालत आलं आहे. यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. यात ‘मला सुचत नव्हतं’ हे कारण कुठेच नाही. सगळी कारणं मूळ लेखकाच्या दुबळेपणाची आहेत. तो गरीब, तो लांब, तो मेलेला, त्याची भाषा हलकी. चोर घर निवडताना तिजोरी पाहतो असं आपण समजतो; तो आधी कुलूप पाहतो.

आता आरशाकडे वळतो, कारण आजच्या काळातला मुख्य धंदा आरशाचाच आहे. शब्द बदलले की मजकूर आपला झाला, अशी एक गोड समजूत सुशिक्षित समाजात आहे. दोन वर्षांपूर्वी मराठी भाषा गौरव दिनानिमित्त आमच्या बँकेत निबंधस्पर्धा झाली आणि परीक्षक म्हणून मला नेमलं. विषय अर्थातच ‘मराठी भाषेचे भवितव्य’. तीन निबंध असे आले की एकात ‘आई’ होती, दुसऱ्यात ‘माता’, तिसऱ्यात ‘जननी’. एकात सूर्य उगवत होता, दुसऱ्यात रवी, तिसऱ्यात दिनकर. पण तिघांतही तो तिसऱ्याच परिच्छेदात उगवत होता आणि तिघांनाही शेवटी भाषेच्या मावळण्याची तेवढीच, सव्वा ओळीची भीती वाटत होती. हल्ली संगणकच असे पर्यायी शब्द घालून देतो. पण संगणक नसतानाही हा उद्योग होता: सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’च्या आरंभीच बजावलं आहे की वर्ण बदलून आणि खुणा पुसून काव्य आपलं करू पाहणारा कवी न सांगताही चोर म्हणून ओळखू येतो.

आमच्या काउंटरवर पूर्वी एखाद्याने चेकवरची रक्कम खोडून बदलली तर त्याखाली चेक काढणाऱ्याची सही लागत असे. नसली तर चेक परत. पण चेकवर खाडाखोड केल्याने खातं आपलं झालं असं म्हणणारा ग्राहक मला आजवर भेटलेला नाही. लेखक भेटले आहेत.

मग आधारित नाटकं, रूपांतरं, विडंबनं यांचं काय? तीही दुसऱ्याच्या पुरात शिरलेलीच असतात. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ घ्या. मोलिएरने १६६० साली फ्रेंचमध्ये एक संशयी नवरा रंगवला, आर्थर मर्फीने तो १७६१ साली इंग्लंडात नेला, तिथून देवलांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ म्हणून मराठीत आणला आणि १९१६ साली तो गाऊ लागला. तीन देश हिंडून आलेला हा माणूस आपल्याकडे असा मुरला की फाल्गुनरावाला परदेशी म्हणायची कुणाची छाती होणार नाही. पण त्याचं मूळ कुठलं, हे कुणी लपवलेलंही नाही. पुलंची ‘ती फुलराणी’ १९७५ साली रंगमंचावर आली ती बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ घेऊनच; आणि शॉनेही ते नाव ग्रीक पुराणातून घेतलं होतं. प्रत्येकाने आपापली पावती फाडलेली आहे.

अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’त (१९२५) तर याची खरी कसोटी सापडते. विडंबनकाराची सगळी धडपड वाचकाला मूळ कविता आठवावी यासाठी असते. नाही आठवली तर विनोद पडला. चोराची सगळी धडपड ती आठवू नये यासाठी असते. आठवली तर तो पडला. एकच कविता, दोघांनीही घेतलेली. पण एक मूळ कवीला मांडवात बोलावतो आणि दुसरा तो येईल म्हणून दाराला कडी घालतो. लिहिताना मनात शंका आली तर हाच एक प्रश्न स्वतःला विचारावा असं मला वाटतं: ज्याचं घेतलं तो हे वाचायला आत्ता शेजारी येऊन बसला तर मी त्याला खुर्ची देईन, की कागद उलटा करीन?

सरकारी पद्धत अर्थात अशी नसते. सरकार टक्के काढतं. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंधांतल्या उचलेगिरीसंबंधी नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर प्रबंध दुरुस्त करून आणा. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर थांबा. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. शिवाय सर्वांच्या माहितीचे किंवा योगायोगाने जुळणारे शब्द असतील तर सलग चौदापर्यंत मोजायचे नाहीत. म्हणजे पंधरावा शब्द पडला की योगायोग संपला! प्राप्तिकराचे टप्पे पाठ असलेल्या माणसाला हे वाचून घरी आल्यासारखं वाटतं. नियम करणाऱ्यांचाही नाइलाज असणार. हजारो प्रबंध वाचणार कोण? पण यंत्र साम्य मोजतं, चोरी नव्हे. अवतरणचिन्हांत घालून, नाव देऊन घेतलेलं पान निर्दोष असू शकतं. आणि एका गरीब विद्यार्थ्याची तीन वर्षांची कल्पना संपूर्ण नव्या शब्दांत घेतलेला मार्गदर्शक शून्य टक्क्यांनी सुटतो. अवंतिसुंदरीच्या यादीत त्याला नाव आहे, यंत्राच्या यादीत नाही.

कायद्याचंही तसंच. १९५७च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचं लिखाण सर्वांना मोकळं होतं. कुणीही छापावं, विकावं. तुकोबांची गाथा आज कुणीही छापू शकतो. मात्र म्हणून ‘तुका म्हणे’ खोडता येत नाही. आमच्याकडे दहा वर्षं कुणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. पुढे पाचपंचवीस वर्षांनी नातू कागद घेऊन आला तरी ती त्याला मिळते. ती काउंटरवरच्या कारकुनाची कधीच होत नाही. इतर चोऱ्या काळाने विसरल्या जातात, वाणीची चोरी नातवापर्यंत विसरली जात नाही, असं आपले पूर्वज सांगून गेले आहेत ते बहुधा असंच एखादं खातं पाहून.

एक प्रकार मात्र असा आहे की तिथे थट्टा करवत नाही. हेलन केलर अकरा वर्षांची असताना तिने ‘द फ्रॉस्ट किंग’ नावाची गोष्ट लिहिली आणि आपल्या अंधशाळेच्या संचालकांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. त्यांनी कौतुकाने छापली. मग कळलं की मार्गारेट कॅन्बी नावाच्या लेखिकेच्या एका गोष्टीशी ती फारच जुळते. पूर्वी कधीतरी ती गोष्ट त्या मुलीच्या तळहातावर अक्षरा-अक्षराने वाचून दाखवली गेली असावी. ती विसरली होती आणि गोष्ट विसरली नव्हती. १८९२ साली त्या आंधळ्या, बहिऱ्या पोरीला चौकशी समितीपुढे बसवलं. पुढे आपल्या आत्मचरित्रात तिने लिहिलं आहे की त्यानंतर लिहिताना आपण लिहितो ते आपलंच आहे ना, ही भीती तिला छळत राहिली. चोरीच्या आरोपाचा दगड सालोमालोला लागत नाही, तो असा भलत्यालाच लागतो.

आठवण आणि सुचणं यांचे आवाज फार सारखे असतात. म्हणून ज्याला लिहायचं आहे त्याने टिपणवहीच नीट ठेवावी. बँकेत एखादी रक्कम जमा झाली आणि कुणाची ते कळलं नाही, तर ती ‘संड्री’ नावाच्या खात्यात टाकून ठेवतात. मालक सापडेपर्यंत तिथेच. टिपणवहीतही असं एक संड्री खातं असावं. एखादं वाक्य फारच सुरेख सुचलं तर पहिला संशय तिथेच घ्यावा. पुस्तकातून उतरवताना तिथल्या तिथे अवतरणचिन्ह घालावं, पुस्तकाचं नाव आणि पान लिहावं. ‘नंतर लिहू’ म्हणून ठेवलेली नोंद नंतर कधीच जुळत नाही, हे मी रोज संध्याकाळी पाहतो. आणि दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं तर पुस्तक मिटून, शक्य तर दुसऱ्या खोलीत जाऊन सांगावं. पुस्तक उघडं ठेवून आपले शब्द येत नाहीत, फक्त ‘आई’ची ‘जननी’ होते. शिवाय सांगून झाल्यावरही नाव द्यायचंच. शब्द आपले असले तरी माल त्याचा आहे.

हे सगळं ज्याच्या उलट चालतं तोही एक पंथ आहे. हे लोक दुसऱ्याचं स्वतःच्या नावावर घेत नाहीत, स्वतःचं दुसऱ्याच्या नावावर सोडतात. सकाळी मोबाइल उघडावा तर पुलंच्या नावाने एक विनोद आलेला असतो. तो वाचून पुलंनी लिहिणंच सोडलं असतं. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी दम भरला की यात कुणी स्वतःची ओवी घुसडेल तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. नरोटी म्हणजे नारळाची कवटी. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज किमान तीन येतात.

राजशेखराने आणखी एक प्रकार सांगितला आहे, तो आमच्या क्षेत्रात फार चालतो: पैसे देऊन घेतलेलं काव्य. त्याच्या मते तेही हरणच. कीर्ती न मिळाली तरी चालेल, अपकीर्ती नको, असंही तो वर म्हणतो. माझ्या बाबतीत पैशाचाही प्रश्न येत नाही. आमच्या कचेरीत कुणी निवृत्त झालं की साहेबांचं निरोपाचं भाषण लिहायचं काम माझ्याकडे येतं. मोबदला एक कप चहा, तोही कँटीनमधला. मागच्या महिन्यात हेड कॅशियर निवृत्त झाले. त्यांनी छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या आणि घरी जाताना रोज स्वतःच्या खिशातली चिल्लर मोजली, असं एक वाक्य मी त्यात घातलं होतं. साहेबांनी ते थांबून, चष्मा काढून म्हटलं. हेड कॅशियरांनी डोळे पुसले. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर साहेब बटाटेवड्याची बशी घेऊन माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “काय, कसं झालं?”

“फारच छान,” मी म्हटलं. “ते चिल्लरचं वाक्य तर काळजालाच भिडलं. कसं सुचलं हो साहेब?”

साहेबांनी वड्याचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले,

“काही नाही हो. बोलता बोलता सुचत गेलं.”